शेरा : पीएच पुन्हा चढला

३ फेब्रुवारी

ही वही घरच्या पोहण्याच्या तलावाची. रकाने आखले आहेत : तारीख, वेळ, पीएच, क्लोरीन, शेरा. शेऱ्याचा रकाना मुद्दाम ऐसपैस ठेवलाय. वजनमापं खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं काढली, पोकळ वजनं पकडली, दुधवाल्यांची ठोकून चेपवलेली मापं जप्त केली. आणि एवढ्या वर्षांत स्वतः एक आकडा खोटा लिहिला नाही. ते इथेही चालू राहील.

तलाव कशासाठी, तेही लिहून ठेवतो. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. गुडघा पंचावन्न अंशांपर्यंतच वाकतो, नव्वदपर्यंत आला पाहिजे. मार्चअखेर आला नाही तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग डॉक्टर म्हणाले, सगळ्यांत उत्तम म्हणजे पाण्यात चालणं. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, घरात तलाव आहे.

घर घेतलं तेव्हापासून मागच्या अंगणातला हा तलाव कोरडा पडून होता. सतरा वर्षं. दर उन्हाळ्यात मी भरायचा विषय काढायचो आणि काहीतरी आडवं यायचं. एकदा फरशी उचकटलेली, एकदा हिची कंबर धरलेली, एकदा लेकीच्या परीक्षा. शेवटी हिने त्यात कुंड्या मांडल्या. तिथे ऊन छान लागतं म्हणे. बावीस कुंड्या मी एकट्याने उचलून भिंतीकडेला लावल्या, नवा गिलावा करून घेतला आणि वीस हजार लिटर पाणी भरलं. ही खिडकीतून बघत होती. आनंदाने बोलायचंच विसरली.

आजचा पीएच ८.२. म्हणजे पाणी क्षाराकडे झुकलेलं. अशा पाण्यात क्लोरीन नुसता नावाला असतो, डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. हवा ७.२ ते ७.६. पाटीवर खडूने नियम लिहून दाराशी टांगला : पीएच बरोबर आल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये. हिने पाटी दोनदा वाचली.

६ फेब्रुवारी

तीन दिवस मापाने अ‍ॅसिड घातलं आणि आज संध्याकाळी पाच वाजता ७.५. नळीत पाणी घ्यायचं, चार थेंब औषध टाकायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. गुलबट नको, नारिंगीकडे झुकलेला लाल हवा. अगदी तसा आला.

हिला सांगितलं, उद्या सकाळी उतरायचं, मी स्वतः हात धरून नेतो. ती बरं म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "आणि सकाळी आकडा चुकला तर?" मी म्हटलं, चुकला तर नाही उतरायचं, नियम म्हणजे नियम. या घरात नियमाची कदर असलेलं एक तरी माणूस आहे.

७ फेब्रुवारी

सकाळी ७.८!

रात्रीत पाण्याला काय पंख फुटले? तीनदा मोजलं. नळी धुऊन, पुसून, उजेडात धरून मोजलं. ७.८ म्हणजे ७.८. ही पदर खोचून तयार होती, म्हणजे निदान आंघोळ तरी झाली होती. आकडा ऐकून म्हणाली, राहू दे मग आज. बिचारी.

तलाववाल्याला फोन लावला. ज्याने गिलावा केला तोच हा. म्हणतो, साहेब, नवं सिमेंट आहे, महिनाभर पाण्यात क्षार सोडत राहणार, तुम्ही अ‍ॅसिड घालत राहा. हे आधी सांगायला याची जीभ झडली होती काय? काम होईपर्यंत गोड बोलायचं आणि पाणी भरल्यावर महिना मागायचा. डोक्यात तिडीक गेली. पाव लिटर अ‍ॅसिड घातलं.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी ७.४, सकाळी ७.७. संध्याकाळी ७.५, सकाळी ७.८. रोज हेच. दिवसभर मी उतरवायचं आणि रात्रीत त्याने चढायचं.

दुपारी हिने किराणा आणायला पाठवलं. दोन किलो धुण्याचा सोडा सांगितला, घरातला संपला, पडदे आणि गोधड्या धुवायच्यात म्हणे. घरी आल्यावर सवयीने माझ्या काट्यावर ठेवला तर एक किलो नऊशे साठ! चाळीस ग्रॅम कमी! त्याच पावली दुकानात परत गेलो. वाणी म्हणाला, काका, सोडा तर आहे, सोनं थोडंच आहे. त्याला म्हटलं, ज्याला सोड्यात काटा मारता येतो तो साखरेत का सोडेल? भर दुकानात चाळीस ग्रॅम मोजून घेतले. मागे उभ्या असलेल्या बाईने हळूच स्वतःची पुडी हातावर जोखून पाहिली, ते बघून बरं वाटलं.

हिला पुडा दिला तर म्हणाली, "कशाला एवढं भांडलात? मला पुरला असता." बायकांना हक्काचं काही वाटतच नाही.

१४ फेब्रुवारी

एक चांगली गोष्ट नोंदवायची राहिली. ही आता रोज संध्याकाळी आपणहून चालते. सातच्या बातम्या लागल्या की मी टीव्हीसमोर, आणि ही काठी घेऊन मागच्या अंगणात. कुंड्यांपर्यंत जाते, तलावाच्या कडेला जरा थांबते आणि परत येते. सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली, तुमच्या बातम्या बुडतील. माझा ऊर भरून आला. पाण्याची ओढ लागलीय तिला.

खरं तर हिला पाण्याची पहिली ओळख मीच करून दिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खात्याची सहल एका तरणतलावावर गेली होती. बाकीच्यांच्या बायका काठावर पाय सोडून बसलेल्या. मी हिला हात धरून आत नेलं, छातीपर्यंत पाणी आल्यावर म्हटलं भिऊ नकोस, आणखी चार पावलं नेलं आणि हात काढून घेतला. माणूस असाच शिकतो, मीही असाच शिकलो. दोन गटांगळ्या खाल्ल्या असतील, मग मीच ओढून काढलं. सगळे टाळ्या वाजवत होते. काठावर आल्यावर ही एवढी हसत होती की तिला श्वास घेता येईना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अजून तो दिवस आठवला की मजा वाटते. पुढे पोहणं राहूनच गेलं.

२० फेब्रुवारी

७.९. आता बास.

सिमेंटबिमेंट काही नाही, अ‍ॅसिडच पाणचट असणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॅन उचलून रसायनाच्या दुकानात गेलो. मालक तरणा आहे, नाकाने कांदे सोलणारा. म्हणे सील तुमच्यासमोर फोडलं होतं. मी म्हटलं, सील लावायचं काम मी तेहतीस वर्षं केलंय, ते मला शिकवू नकोस. शेवटी त्याने त्याच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत, माझं अ‍ॅसिड आणि त्याचं अ‍ॅसिड तपासून दाखवलं. दोन्ही सारखीच निघाली. मी म्हटलं, म्हणजे दोन्ही पाणचट. तो हात जोडून म्हणाला, काका, दुसरीकडून घ्या.

दुसऱ्या दुकानातून घेतलं. संध्याकाळी ७.४. उद्या बघू.

२१ फेब्रुवारी

७.८. या गावात सगळे एकाच माळेचे मणी.

२७ फेब्रुवारी

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आज आली. आठवड्यातून एकदा येते, हिचं तिच्याशी चांगलं जमतं. कोनमापक लावून म्हणाली, अडुसष्ट! तीन आठवड्यांत तेरा अंश! विचारायला लागली, काकू, काय करता तुम्ही? ही म्हणाली, कुंड्यांपाशी वाकते थोडी.

ती खूश, मी मात्र संतापलो. पाण्यात एक पाऊल न घालता अडुसष्ट, तर पाण्यात उतरली असती तर आतापर्यंत नव्वद झाले असते! आणि कोणामुळे अडलं? त्या सिमेंटवाल्यामुळे. त्या मुलीने विचारलं की, काका, ७.८ला उतरलं तर काय बिघडतं, शहरातल्या तलावात याहून वाईट असतं. मी तिला पाटी दाखवली. ही लगेच म्हणाली, "यांचा नियम आहे तो. मी नाही मोडायची." चाळीस वर्षांत माझी बाजू एवढ्या ठामपणे हिने पहिल्यांदाच घेतली असेल.

५ मार्च

पुन्हा दोन किलो धुण्याचा सोडा. या वेळी दुकानातच मोजून घेतला. वाण्याने मला बघूनच वजन चढवलं.

घरी आलो आणि पडद्यांकडे सहज लक्ष गेलं. तसेच मळकट. दोन किलो सोडा गेला कुठे? हिला म्हटलं, हा सोडासुद्धा भेसळीचाच दिसतो, मळ हलला नाही. ती पुडा उचलून आत गेली. तिलाही वैताग आला असणार.

रात्री लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तू आईला विचारलंस का तिला उतरायचंय का? हा काय प्रश्न झाला? बावीस कुंड्या मी गंमत म्हणून उचलल्या? उचलली जीभ, लावली टाळ्याला. बापावर गेली नाही ही मुलगी.

१२ मार्च

महिना उलटून गेला, म्हणून तलाववाल्याला बोलावून समोर उभा केला. वहीतला एकेक आकडा वाचून दाखवला. त्याने आपली पेटी उघडली, पाणी घेतलं, आणि पीएच सोडून भलतंच काही तपासत बसला. मग म्हणाला, साहेब, सिमेंट असतं तर पाण्यात चुना वाढला असता. चुना पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे.

मग काय वाढतंय, मी विचारलं.

"साहेब, राग मानू नका. या पाण्यात रोज कोणीतरी सोडा टाकतंय."

माझं पित्त खवळलं. म्हणजे आता चोर माझ्या घरात? स्वतःचं काम कच्चं ते कच्चं, वर हा कांगावा. म्हटलं, कोण टाकणार? घरात आम्ही दोघं. मी टाकत नाही. तो कुंड्यांकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, मग असेल काहीतरी दुसरं. पेटी उचलून निघाला. ही चहा घेऊन आली होती, तो तसाच घेऊन आत परतली. परक्या माणसाने घरात येऊन असले आरोप केल्यावर कोणालाही धक्का बसेलच.

मागच्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. आता बघतो कोण येतं ते.

१३ मार्च

कुलूप जसंच्या तसं. ७.८.

१४ मार्च

सात वाजता टीव्ही लावला, आवाज रोजच्यापेक्षा जरा मोठाच ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

ही काठी टेकत आली. कुंड्यांपाशी गेली. शेवटच्या मोठ्या कुंडीमागून वाटी काढली. तलावाच्या कडेला आली, काठी खाली ठेवली, एका हाताने कठडा धरला आणि वाकायला लागली. हळूहळू, दात आवळून, दोनदा मध्येच थांबून. वाटी पाण्यात अलगद बुडवली, विसळली. मग तशीच खाली बसून पाण्याकडे बघत राहिली. जवळ नव्हती गेली. हात लांब करून, अंग मागे ठेवून, जशी माणसं विस्तवाशी बसतात तशी.

गुडघा केवढा वाकला होता. मला दारातून पळत जाऊन ओरडायचं होतं आणि मी तिथेच उभा राहून अंश मोजत बसलो. ऐंशी. पंच्याऐंशीसुद्धा असतील.

बातम्या संपायच्या आत मी खुर्चीत येऊन बसलो.

१५ मार्च

७.८. शेरा नाही.

१६ मार्च

आज बोललोच. सकाळी चहा झाल्यावर वाटी आणून टेबलावर ठेवली. काल दिवसभर जे साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, तेहतीस वर्षं मी दुनियेची मापं तपासली आणि माझ्याच घरात माझ्या मापात भेसळ? मी दुकानदारांशी भांडलो, त्या तलाववाल्याला नाही नाही ते बोललो, आणि तू, तू माझ्याच हातून सोडा आणवलास? तो पण मी पूर्ण वजनाने आणून दिला! आणि कशासाठी? मी तुझ्यासाठी राबतोय आणि तू मलाच येडा बनवतेस? उतरायचं नव्हतं तर तोंडाने सांगता येत नव्हतं?

"सतरा वर्षं सांगत होते," ती म्हणाली. "कुंड्या उगाच नव्हत्या मांडल्या."

मी म्हटलं, पाण्याची एवढी भीती कधीपासून? त्या सहलीला तर मारे खिदळत होतीस.

तिने टेबलावरची वाटी जवळ ओढली, त्यातली सोड्याची पांढरी कड बोटाने खरवडली.

"मी हसत नव्हते हो. मला श्वास येत नव्हता."

मी काहीतरी बोलणार होतो. सगळे टाळ्या वाजवत होते, असं काहीसं. ती म्हणाली की तुम्ही मला वर ओढलंत तेव्हा तुम्हीही हसत होतात, सगळ्यांना सांगत होतात की बघा कशी हसतेय, मग मी काय बोलणार? आणि तुम्ही दर वर्षी ती गोष्ट सांगता, पाहुण्यांना, लेकीला, जावयाला. मी पाणी आणायला उठून जाते, ते तुमच्या कधी लक्षात आलं नाही.

दिवसभर त्या वाटीकडे बघवेना. मला राग येतोय, अजून येतोय. पण तो नक्की कोणावर काढायचा ते सुचत नाही, आणि ही सवय मला नाही.

१८ मार्च

मोजलं नाही.

संध्याकाळी ही आपणहून म्हणाली, भूल देऊन गुडघा मोडून घ्यायचा नाही मला. पाणी कमी करा. माझ्या कमरेच्या वर नको. मी तिच्या काठीवर तिच्या कमरेची खूण केली, काठी घेऊन तलावात उतरलो आणि तेवढ्या उंचीवर भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली. आणखी एक अट घातली : तुम्ही पाण्यात यायचं नाही. ती मुलगी येईल माझ्याबरोबर. मी म्हटलं, मी काठावर? ती म्हणाली, काठावर चालेल, पण लांब.

तलाववाल्याला फोन केला. पाणी किती सोडायचं ते विचारलं, आणि मग म्हटलं, तुमचं सिमेंट चांगलं आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे साहेब.

२२ मार्च

पाणी रेघेवर आलं. व्यायामवाल्या मुलीने ब्याऐंशी अंश मोजले. डॉक्टरांकडे तीस तारखेला जायचंय. आठ अंश कमी आहेत. पाटी पुसून आत ठेवली. कुंड्यांमागे बघायला गेलो नाही, जाणारही नाही.

२४ मार्च

आज उतरायचं ठरलं होतं. मी पहाटेच पाणी घेतलं, चार थेंब टाकले. ७.४. तक्त्यावरच्या रंगाशी इतका तंतोतंत जुळला की आनंदाने तक्ताच हातातून पडला. सात आठवडे ज्या रंगासाठी जीव टाकला तो हा.

नऊ वाजता मुलगी आली, पाण्यात उतरून उभी राहिली. ही पहिल्या पायरीच्या वर, दोन्ही हातांनी कठडा धरून. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी ठरल्याप्रमाणे लांब, कुंड्यांच्या रांगेपाशी, हातात टॉवेल आणि वही. मुलगी शहाणी, तिने हातसुद्धा पुढे केला नाही.

मग ही मागे न बघताच म्हणाली, "आज किती आला हो?"

मला तिचे फक्त खांदे दिसत होते. कानापर्यंत चढलेले.

"आठ पॉइंट दोन," मी म्हणालो. "पाणी बरोबर नाही. आज नको वाटलं तर राहू दे."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एवढं सरळ तिने माझ्याकडे कधी बघितलं होतं, आठवत नाही.

"काल मी काही टाकलं नव्हतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, सिमेंट नवं आहे. सोडत असेल काहीतरी.

ती हसली. या वेळी मी नीट बघितलं, हसतच होती. मग तिने पायरीवर पाऊल घातलं, नंतर दुसरं, आणि तिसऱ्या पायरीवर पाण्यातच बसली. मुलीने कोनमापक लावला आणि नव्वदच्या पुढे गेलाय म्हणाली. अर्धा तास झाला तरी बाहेर यायचं नाव नाही. मला तिथूनच हुकूम, कुंड्यांना पाणी घाला, नुसते उभे राहू नका.

वहीत पीएचच्या रकान्यात ८.२ लिहिलं आहे. खोडणार नाही.